तीन ताऱ्यांचा कौल

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पडद्यावर एका आकड्याशेजारी तीन तारे उमटले आणि कारखान्यांच्या मालकमंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. तीन तारे म्हणजे शंकेला जागाच नाही, असं अर्थतज्ज्ञानं आधीच बजावलं होतं.

"पाळणाघर आहे तिथं उत्पादन घटतं," तो हात जोडून म्हणाला. "मी कोण सांगणारा? आकडे बोलतात, मी नुसता ऐकतो!"

अंगात आलेला माणूसही हेच म्हणतो. मागच्या रांगेत कडेवर पोरं घेतलेल्या कामगार बायका उभ्या होत्या. त्यांचं पाळणाघर आज बंद होणार होतं.

हा अर्थतज्ज्ञ माझा धाकटा भाऊ. मी शाळेत गणित शिकवते. रविवारी जेवताना तो खुशीत सांगत होता, "ताई, आधी काही केल्या तारे येईनात. मग मंदीचं वर्ष गाळलं, मोठे कारखाने वगळले, गणितात कामगारांचं वय घातलं. असं करत करत जमलं एकदाचं!" मी शाबासकी दिली आणि त्याला आणखी वाढलं.

आता मात्र मी कागद घेऊन उठले. "तुझ्या तक्त्यात पाळणाघराच्या जागी माझा हा रकाना घाल. प्रत्येक कारखान्याच्या नावानं मी नाणं उडवलंय. छापा आला तिथं एक, काटा आला तिथं शून्य."

लोक हसले. तोही हसला. त्यानं गणित केलं, तारा एकही आला नाही.

"बघ!" तो म्हणाला.

"आता रविवारी सांगितलंस तसं कर. एक वर्ष गाळ. नाही आला? दुसरं गाळ. लहान कारखाने वगळ. वय काढ, पगार घाल."

त्याचा चेहरा उतरला, पण हात चालत राहिले. बऱ्याच खटाटोपानंतर पडद्यावर तीन तारे चमकले. छापा पडला की उत्पादन घटतं!

सभागृह खो खो हसलं. तो घरी विश्वासानं बोलला होता आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं होतं.

"म्हणजे साहेब खोटं बोलले का हो?" एका बाईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "एकेक गणित बरोबरच आहे. पण हवं ते उत्तर येईपर्यंत गणिताचा साचा बदलत राहायचं आणि शेवटचा तेवढा दाखवायचा. अशानं नाणंसुद्धा कारखाना चालवतं."

भावानं माईक ओढला. आता हा उखडणार, असं मला वाटलं.

"पाळणाघर बंद करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

परतताना त्यानं एवढंच विचारलं, "ताई, घरीच का नाही बोललीस?"

ताटावर त्याला दुखवायचा धीर झाला नाही, म्हणून भरसभेत दुखवलं. तुम्ही असं करू नका. कुणी तारे दाखवले, तर टाळी वाजवण्याआधी विचारा, किती गणितं केलीत आणि बाकीची कुठं आहेत? आणि आपलंच माणूस असेल, तर जेवायला वाढतानाच विचारा.