विजापूरहून आणलेलं वर्ष

मी महादेवीची गुणपत्रिका. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कचेरीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, एका फायलीच्या पोटातून बोलतेय. मोठ्याने बोलायचं बळ उरलेलं नाही. जरा कान द्या.

माझा जन्म १९७३चा, पलीकडच्या राज्यातल्या एका विद्यापीठात. कागद जाड, पिवळसर, आणि इथल्या कागदांपेक्षा दोन बोटं रुंद. महादेवीने बी. ए.च्या पहिल्या वर्षाचे पेपर बाहेरून दिले होते. वर्गात एक दिवसही न बसता, अक्कलकोटजवळच्या गावी शेंगा फोडता फोडता वाचून, विजापूरच्या केंद्रावर जाऊन. पोस्टमन दारात आला तेव्हा तिने आधी पदराला हात पुसले आणि मग मला घेतलं. इतक्या मानाने नंतर मला कुणी धरलं नाही.

लग्नानंतर साड्यांच्या घडीत बसून मी सोलापुरात आले. महादेवीला मुलींच्या एका शाळेत तात्पुरती नोकरी लागली. तिथल्या मोठ्या बाई, मालतीबाई, स्पष्ट बोलायच्या. "जून शहात्तरपर्यंत बी. ए. व्हा. तोवर जागा धरून ठेवते. पुढे संस्थेचे लोक माझं ऐकायचे नाहीत."

म्हणजे चौऱ्याहत्तरच्या जूनमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला बसायचं. सकाळी कॉलेज, दुपारी शाळा. दोन वर्षांत पदवी हातात. इथल्या विद्यापीठाने माझ्यावरचं पहिलं वर्ष तेवढं मान्य करायचं होतं. ते करेपर्यंत कॉलेजने तिला तात्पुरता प्रवेश दिला.

कचेरीत कमलाकरपंत होते. माणूस वाईट नव्हे, टापटिपीचा. "बाई, कागद सुटे ठेवले की त्यांना पाय फुटतात," असं म्हणून त्यांनी मला फायलीत घातलं. माझी उजवी कड बाहेर डोकावू लागली. ती त्यांना बघवेना. त्यांनी ती आत दुमडली, नखाने घडी दाबली, टाचणी मारली आणि फाईल विद्यापीठाकडे रवाना केली.

त्या कडेवरच शेवटचा रकाना होता. निकालाचा.

दोन महिन्यांनी फाईल शेरा घेऊन परत आली: 'निकालाचा उल्लेख नाही. खुलासा करावा.'

"गुण दिसताहेत, पण पास झाल्याचं कुठं आहे?" पंतांनी महादेवीला विचारलं.

"आहे की, भाऊसाहेब. मी वाचलंय."

"तुम्ही वाचून काय उपयोग? विद्यापीठाला दिसलं पाहिजे."

तिने विजापूरला जाऊन अर्ज केला. तिथून उत्तर आलं: 'निकाल गुणपत्रिकेत नमूद आहे.' पंतांनी ते उत्तर नीट टोचून माझ्या छातीवर लावलं. मग इकडून पत्र, तिकडून स्मरणपत्र. प्रत्येक जण आधीचा शेरा वाचायचा आणि त्याखाली आपला लिहायचा. मी सगळ्यांच्या तळाशी पडलेली. दुष्टपणा असता तर भांडता तरी आलं असतं हो. इथे सगळे आपापलं काम चोख करत होते, आणि एका बाईचं वर्ष संपत होतं.

पंचाहत्तरचा फेब्रुवारी उजाडला. परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. महादेवी सासूला, शिवबाईंना, सोबत घेऊन आली.

"भाऊसाहेब, तो कागद एकदा मला बघू द्या."

पंतांनी कुरकुरत फायलीची दोरी सोडली. महादेवीने टाचणी काढली, कड उलगडली आणि बोट ठेवलं. 'उत्तीर्ण.'

पंतांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "तुमच्याकडचा कागद आमच्या फायलीला मोठा होतो, बाई."

"मग आता?"

"आता नव्याने पाठवावं लागेल. तीनचार महिने. मंजुरी नाही तर दुसऱ्या वर्षाचा फॉर्म घेता येत नाही. पहिल्याचा भरा."

बाकावरून शिवबाई म्हणाल्या, "पास झालीया म्हन्ता, आन् पुन्यांदा त्येच पेपर? भाजल्याली भाकर परत मळत्यात व्हय कुटं? तुमी शिकल्याली मानसं लई नवलाची की."

पंतांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. महादेवीने पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला. अक्षर नेहमीसारखंच नीट होतं.

जुलैत विद्यापीठाचं पत्र आलं: 'बाहेरून दिलेलं पहिलं वर्ष मान्य.' तोवर ती तेच वर्ष दुसऱ्यांदा पास झाली होती.

आता शहात्तरचा जून आहे. मालतीबाईंनी शब्द पाळला, शेवटच्या दिवसापर्यंत जागा धरली. मग ती दुसऱ्या बाईंना गेली. महादेवीची पदवी अजून वर्षभर लांब आहे. परवा ती मला न्यायला आली होती. पंत म्हणाले, "मूळ कागद आता दफ्तरी जमा झाला. नक्कल देतो."

"नक्कल नको," ती म्हणाली आणि वर्गाकडे गेली.

तुमच्यापैकी कुणी उद्या पंतांच्या खुर्चीवर बसाल. नियम बदलायचे तेव्हा बदला; त्याआधी हे कपाट उघडा, मला काढा आणि तिच्या हातात द्या. मी दफ्तराची नाही. मला तिने मिळवलं आहे.