तपेल्यावरचं झाकण

१९३८ च्या उन्हाळ्यात हुबळीत पटकीची साथ आली आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवला गेला. कमरीपेठेतल्या वेणूबाईंनी पहिलाच घोट थुंकून टाकला.

“इस्पितळ धुतलेलं पाणी आहे ग हे.”

“साथ सरेपर्यंत हेच प्यायचं, आत्याबाई,” त्यांची सून श्यामला म्हणाली. ती मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवी.

“देवळामागच्या विहिरीचं आणते की मी. ओलेत्यानं.”

त्या विहिरीत पुजाऱ्यांनी जंतू मारायची पावडर टाकू दिली नव्हती. श्यामलाला त्या विहिरीचीच धास्ती होती.

“नळाचं पाणी तपेल्यात रात्रभर ठेवा. सकाळी वास गेलेला असेल.”

“आणि नाही गेला तर?”

“तर विहिरीचं प्या,” श्यामला म्हणाली. तिला खात्री होती.

सकाळची शाळा आटोपून ती परतली तेव्हा वेणूबाई विहिरीवरून आणलेली कळशी पुसत होत्या.

“तुझं शास्त्र नापास झालं, श्यामले. वास होता तसाच आहे. दोन तांबे विहिरीचं प्याले, तेव्हा कुठं जीव थंडावला.”

श्यामला स्वयंपाकघरात गेली. तपेल्यावर घट्ट झाकण होतं, झाकणावर सोवळ्याचं ओलं फडकं आणि मांजर येऊ नये म्हणून त्यावर वरवंटा. या घरात पिण्याचं पाणी कधीच उघडं राहत नसे. तिनं झाकण उचललं. कोंडलेला वास नाकाशी आला.

पाणी उघडं ठेवायचं, हे तिनं सांगितलंच नव्हतं. वर्गात मुलींनी प्रयोगातली एखादी अट गाळली, तर ती वही न तपासता परत देत असे.

संध्याकाळी तिनं स्वतः पाणी भरलं आणि तपेल्याच्या तोंडाला फक्त पातळ पंचा बांधला. सकाळी त्या पाण्याला कसलाच वास नव्हता. पण पहाटेपासून वेणूबाईंना उलट्या सुरू झाल्या होत्या.

श्यामलानं त्या पाण्यात मीठ-साखर घालून त्यांना चमच्यानं पाजलं. वेणूबाईंनी जिभेवर घोळवून पाहिलं.

“नळाचंच?”

“हो. झाकण काढून ठेवलं होतं. पंचा बांधून.”

“मग तेवढं सांगायचं होतंस की.”

“मला वाटलं, उघडं पाणी तुम्हाला चालायचं नाही...” श्यामलानं सुरुवात केली आणि ती थांबली. खरं म्हणजे तिला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

“पंचा मीच बांधला असता,” वेणूबाई म्हणाल्या. “धुतलेला.”

त्यांनी आणखी एक चमचा मागितला. तोही पोटात ठरला नाही.