सॉरी म्हणून पुढे

आचऱ्याच्या तिठ्यावर सुनीती बाईंच्या स्कुटीचा धक्का एका मासेवालीला लागला. म्हातारी कोलमडली, पाटीतले बांगडे रस्त्यावर सांडले. शाळेची घंटा व्हायची वेळ झाली होती. बाईंनी मागे वळून "सॉरी हां!" म्हटलं आणि गाडी तशीच पुढे काढली. दिवसभर त्यांना ते आठवलंसुद्धा नाही.

नववीतली वर्षाली मग काही दिवस शाळेत आली नाही. आली ती इंग्रजीच्या तासाला उभीच राहिली. "बाई, सॉरीचा खरा अर्थ काय?"

"का गं?"

"आजीला कोणीतरी गाडीने पाडलं. मनगट मोडलं तिचं. ती बाई सॉरी म्हणाली, पण थांबली नाही."

सुनीती बाईंचा खडू फळ्यावरच अडला. "बघून सांगते," त्या कशाबशा म्हणाल्या. मधल्या सुट्टीत त्यांनी जाडा शब्दकोश काढला. माफीचा अर्थ पुढे कधीतरी चिकटलेला. मुळात तो शब्द दुखण्याचा, जखमेचा. ज्याला आतून दुखतंय, तो सॉरी. इतकी वर्षं पोरांकडून हाच शब्द त्या घोकून घेत होत्या. त्यांनी डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी त्या वर्षालीच्या घरी गेल्या. तिची आजी कृष्णाबाई हात गळ्यात बांधून पडवीत बसली होती. "आमच्या इंग्रजीच्या बाई," वर्षालीने सांगितलं, पण गाडीवरची बाई हीच, हे म्हातारीने बघताक्षणी ओळखलं होतं.

"वर्षा, बाईंका पाणी आण गो." नात आत गेली तशी ती हळूच म्हणाली, "तिका सांगू नकात. तुमच्यार मोठो जीव आसा तिचो."

बाईंना क्षणभर ते न सांगणंच हवंहवंसं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. वर्षाली तांब्या घेऊन आली.

"वर्षाली, ती गाडी माझी होती."

पोरीने तांब्या खाली ठेवला आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बाई शाळेआधी कृष्णाबाईला स्कुटीवरून बाजारात नेऊ लागल्या. पाटी उतरवायची, मासे मांडायचे, गिऱ्हाइकांच्या नजरा झेलायच्या. वर्गात हाताला वास यायचा, मुलं कुजबुजायची. म्हातारी आता त्यांच्याशी हसूनखेळून बोलायची. वर्षाली मात्र शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

प्लास्टर निघालं तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, "आता पुरे झाला, बाय."

तरी दुसऱ्या सकाळी बाई स्कुटी घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. वर्षालीने पाटी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्यांच्याकडे न बघता बाजाराची वाट धरली.