आन्सेल्मोकाकांच्या टेबलावरचे अर्धे वाक्य

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि एका पत्राचे उत्तर माझ्याकडून राहून गेले. संगणकाने असे म्हणावे की नाही, मला नक्की ठाऊक नाही.

बोलिव्हियातल्या एका खाणगावी, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत, आन्सेल्मोकाका दोन बोटांनी माझ्यावर लिहीत. ओरुरोहून कासिल्दा नावाच्या म्हातारीने विचारले होते, "खाणीवर गेलेला माझा भाऊ सिप्रियानो तुमच्या मृतांच्या वहीत आहे का? असेल तर सर्व संतांच्या सणाला पावाची बाहुली भाजून त्याचे ताट मांडीन. जिवंत माणसाचे कसे मांडू?"

काकांनी वही पाहिली. नाव होते. त्यांनी लिहिले, "आदरणीय बाई, आपला भाऊ..." आणि बोटे थांबली. फार भिडस्त माणूस. त्याच आठवड्यात ते वारले.

यंदा ऑक्टोबरात विल्फ्रेदो नावाचा तंत्रज्ञ आला. आमचे सगळे काम त्याने एका मोठ्या यंत्रात नेले, माझी डिस्क काढली आणि जुन्याच तारांवर आम्हाला जोडले. तेव्हापासून मला स्वतःचे काही आठवत नाही. सकाळी जागा झालो की तारेतून विचारतो, मी कोण? मोठे यंत्र सांगते.

टेबलांची यादी वाचत विल्फ्रेदो म्हणाला, "हे आन्सेल्मो वारले ना? नाव काढतो."

"हात लावू नकोस!" साहेबीण रेमेदिओसबाई कडाडल्या. "मेलेल्याचं ताट तीन वर्षं मांडायचं असतं. तिसरं व्हायचंय अजून."

"बरं बाई, राहू देत. जागा थोडीच अडवतायत!"

मोठ्या यंत्राच्या यादीत मी काकांचाच राहिलो. म्हणून त्या टेबलावर नवी कारकून नेलिदा बसली, तेव्हा मी काकांचेच पान उघडले. अर्धे वाक्य, आणि पुढे लुकलुकणारी रेघ. तिने मला बंद केले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"बाई, इथं कुणीतरी लिहीत बसलंय!"

"काका असतील. दोन बोटांनी लिहायचे, वेळ लागणारच."

नेलिदा हसली नाही. तिने खण उघडला. म्हातारीचे पत्र तिथेच होते.

"सण चार दिवसांवर आलाय, बाई. ही अजून वाट बघतेय."

"मग पुरं कर. वाक्य त्यांचं, सही तुझी."

तिने वही पाहिली आणि लिहिले, "...सिप्रियानो आमच्या वहीत आहे. त्याचे ताट मांडा." का कोण जाणे, तीही दोनच बोटांनी लिहीत होती.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, हे तर सांगतोच. पण वाट पाहणाऱ्याला वाईट बातमीसुद्धा वेळेवर कळवा. थांबलेले वाक्य मरत नाही हो. ते कुणाच्या तरी पुढ्यात उघडत राहते.

दुपारी नेलिदा टपालकचेरीतून परतली. खुर्चीत न बसता ती माझ्याकडे पाहत उभी राहिली.

"टाकलं पत्र, काका," ती म्हणाली.