शेंगखाऊंची मास्तरीण

भुईमूग उपटायचे दिवस. पावसानं पाठ फिरवून तीन आठवडे झालेले. लाल माती अशी आवळून बसलेली की वेल ओढावा तर वेल हातात आणि शेंगा जमिनीत. अख्खं बेकूरे गाव रानात वाकलेलं होतं आणि फिलोमेन लेंगानी, गावची मास्तरीण, भल्या सकाळी दाबरे आबाच्या बांधावर उभी राहून भांडत होती.

"आबा, तुमची चार नातवंडं माझ्या पटावर हाईत. चारीच्या चारी हितं शेंगा उपटत्यात."

"मग काय करू? शेंगास्नी शाळंत धाडू?" आबा वर न बघता म्हणाला.

"तुमी शाळंच्या कमिटीचं अध्यक्ष हाईसा. तुमीच असं केल्यावर लोकांनी काय करावं?"

"अध्यक्ष उपाशी मेला तर शाळंला सुट्टी द्यावी लागंल. म्हंजी तुझ्या शाळंसाठीच राबतूया न्हवं मी."

शेंगा तोडणाऱ्या बाया पदराआड हसल्या. आबाला तेवढंच पाहिजे होतं. तो कंबर धरून सरळ झाला.

"आन् आता निघालंच हाय तर इचारतो. दीड वरीस झालं तुला शिकवून. परवा थोरल्या नातवाला म्हनलं, सा वळी हाईत, वळीला नऊ येल, सांग किती झाले? तर म्हंतो, आबा, ह्ये पुस्तकात न्हाई. शाळंत जायच्या आदी पोरगं निदान बोटं तरी मोजायचं."

एरवी फिलोमेननं आबाला दोन शब्द सुनावले असते, पण ज्या जागी दुखत होतं नेमका तिथंच म्हाताऱ्यानं बोट ठेवलं होतं.

"तुझी दोलो मातर," आबानं डोळे मिटले, "आठ गावचं लोक यायचं पोरी. ज्याला जे येतं त्यानं ते करावं. बावीस वरसं मडक्यात हात घातलास, तवा कुटं ती चव आली. आता ह्या वयात खडू धरायचा म्हंजी म्हातारपणी बाळसं धरायचं."

तर असं होतं. फिलोमेन आधी दोलो, म्हणजे लाल ज्वारीची दारू, गाळायची. तीन दिवस मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं, दोन दिवस शिजवायचं, आणि बाजारच्या दिवशी कडुलिंबाखाली तुंब्यानं वाटायचं. तिच्या हातची दोलो पिऊन आमच्या गावात सोयरिकी जमल्या आणि मोडल्याही. मग गावाला अवदसा आठवली. शाळेत बाहेरून आलेला मास्तर टिकेना. पहिला चार महिन्यांत गेला. दुसऱ्याला हिवताप आला, तो बदली घेऊनच उठला. तिसरा सुट्टीला शहरात गेला आणि तिथून त्यानं फक्त सायकल मागवून घेतली. तेव्हा कमिटीनं ठरवलं, आता आपलंच माणूस शिकवून आणायचं. दहावी झालेलं माणूस गावात शोधलं तर एकच निघालं. लग्नाआधी नन्सच्या शाळेत शिकलेली, त्रेचाळीस वर्षांची, दोलोवाली.

गावानंच धाडली आणि परत आल्यावर गावानंच नाकं मुरडली, कारण पोरांना मास्तरीण मिळाली खरी, पण बापांची दोलो बंद झाली. कमिटीनं ठरवताना हा हिशेब कुणीच केला नव्हता.

दोन वर्षं ती तालुक्याला प्रशिक्षणात होती. बरोबरची पोरंपोरी विशीतली. तिला 'आई' म्हणायची आणि बटणं लावून घ्यायची. शेवटच्या परीक्षेत ती तिसरी आली, पण मागून. घरी येऊन तिनं 'तिसरी आले' एवढंच सांगितलं आणि नवऱ्यानं, बासिलनं, त्या आनंदात गिनी कोंबडी कापली. ती कोंबडी आजवर तिच्या घशात अडकलेली आहे.

बांधावरून ती शाळेत आली. पटावर अडुसष्ट, हजर एकतीस. तिनं पुस्तक उघडून भागाकार काढला. पुस्तकात आगगाडी होती, गाडीला सात डबे होते आणि छप्पन्न उतारू होते. बेकूऱ्यातल्या कुणी जन्मात आगगाडी बघितली नव्हती. डबा म्हणजे काय हे सांगण्यातच घंटा गेली. एकतीस पोरं तिच्या तोंडाकडं बघत होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर घडे पालथे नव्हते, पाणीच ओतता येत नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला पोरांची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

दुपारी घरी येऊन तिनं वहीतला कोरा कागद फाडला आणि राजीनामा लिहिला. 'मी शिकवायला लायक नाही. दीड वर्षात मुलांना भागाकार आला नाही. त्यांचं नुकसान होत आहे. मला मोकळं करावं.' खाली सही केली. दोन दिवसांनी तालुक्याचा इन्स्पेक्टर शाळा तपासायला येणार होता. त्यानं हाकलण्याआधी आपणच कागद त्याच्या हातात ठेवायचा, असं तिनं ठरवलं.

बासिलनं कागद वाचला आणि चेहरा होईल तेवढा दुःखी केला.

"लई वंगाळ झालं," तो म्हणाला. "तुझं मन मोडलं म्हंजी माझंबी मोडलंच की."

"खरंच?"

"तर काय," म्हणत तो उठला आणि शाई वाळायच्या आत त्यानं ज्वारीचं पोतं मोड यायला भिजत घातलं. आबाला निरोपही धाडला. सांजेपर्यंत निम्म्या गावाला तहान लागली.

इन्स्पेक्टर कांतियोनो साहेब मोटारसायकलवरून आला तो भुवयांपर्यंत लाल धुळीनं माखून. आणि साहेब जमातीनं गुरुन्सी.

आता आम्ही जमातीनं बिस्सा. बिस्सा आणि गुरुन्सी यांचं चेष्टेचं नातं आज्या-पणज्यापासूनचं आहे. भेटल्या भेटल्या एकमेकाला गुलाम म्हणायचं, तोंडाला येईल ते बोलायचं, मयताला आलं तरी मेलेल्याची टिंगल करायची, आणि रागवायचं नाही. आम्ही शेंगखाऊ, ते कुत्रखाऊ. चांगलं बोलणं या नात्यात बसत नाही. गुरुन्सीनं बिस्साला चांगलं म्हटलं तर लोक त्याला ताप आलाय का बघतात.

"या गुलामसाहेब," दाबरे आबानं हात जोडले. "आमच्या गावात कुत्री बांधून ठिवल्यात. बिनघोर बसा."

"शेंगखाऊंची शाळा अजून चालू आहे असं ऐकलं," साहेब धूळ झटकत म्हणाला. "खोटं असेल म्हणून बघायला आलो. आत पोरं आहेत की टरफलं?"

आज पोरं त्रेचाळीस होती. आबानं चारांतली दोन सोडली होती. साहेब मागच्या बाकावर बसला आणि त्यानं वही उघडली. फिलोमेननं आगगाडी काढली. सात डबे, छप्पन्न उतारू. पोरं खिडकीतून डोकावणाऱ्या कमिटीकडं बघायला लागली.

पाच मिनिटांनी साहेब मागून म्हणाला, "बाई, बिस्साला गाडीत कोण बसवून घेतो? शेंगा वाटा की. सात शेंगखाऊ, छप्पन्न शेंगा. एकेकाला किती?"

वर्गात खसखस पिकली. पहिल्या ओळीतली एलिसा नावाची पोरगी बोटं मोजत उठली. "सात."

"सात कशा गं?" फिलोमेन म्हणाली. "नीट मोज."

"नीटच मोजलं बाई. आठ येत हुत्या. पर साहेब बसल्यात न्हवं, त्येनी परत्येकाची एकेक चोरली."

साहेब असा हसला की बाक कलंडला. पोरं ओरडली, खिडकीतून बघणारी कमिटी ओरडली. मग जो तो उठून साहेबानं किती चोरल्या ते सांगू लागला. कुणी दहा म्हणालं, कुणी शंभर. भागाकार राहिला बाजूला. फिलोमेन खडू धरून उभी होती आणि तिला रडू येत होतं. बाजारच्या दिवशी दारुड्यांची पंगत ती एका नजरेनं गप्प करायची, आणि इथं एवढ्याएवढ्या पोरांपुढं तिचं काही चालेना.

वर्ग सुटल्यावर कडुलिंबाखाली खाटा टाकल्या. घाटा आला, वर शेंगदाण्याचं कालवण आलं, त्यावरून पुन्हा शेंगांचा उद्धार झाला. घास संपायच्या आत फिलोमेननं पुढं होऊन कागद दिला.

"साहेब, ह्यो माझा राजीनामा."

साहेबानं तो वाचला. मग उभा राहून मोठ्यानं वाचला. 'मी शिकवायला लायक नाही' या वाक्यावर आबाच्या हातातलं भांडं सांडलं. आजवर एकाही बिस्सानं गुरुन्सीपुढं आपण कशालाही लायक नाही असं कबूल केलेलं नव्हतं. एवढी मोठी चेष्टा पंचक्रोशीत कुणी केली नव्हती. लोक मांड्या बडवत हसले.

"चेष्टा न्हाई," फिलोमेन म्हणाली. "खरं लिवलंय म्या."

त्यावर आणखी हसले. ती जेवढी कळवळून सांगू लागली तेवढा हशा वाढला. बासिल तेवढा हसत नव्हता, आणि त्याचं तोंड बघून लोकांना आणखीच उमाळे आले.

"बस खाली," साहेब डोळे पुसत म्हणाला. "गुलामाला राजीनामा नसतो. मालकानं सोडलं तर सुटका, आणि मी काही सोडत नाही." त्यानं कागद खिशात घातला आणि वही उघडली. "आता माझा शेरा ऐका. पाठ वाईट."

हशा.

"बाई पुस्तकाला धरून बसते. पुस्तक चुकलं तर बाई बुडते. भागाकार शिकवताना मुलांच्या आधी स्वतःच घाबरते. एकाला प्रश्न विचारते आणि दहाजण उत्तर देतात. मुलं बाईंना अजिबात भीत नाहीत. एक वर्ष मुदत द्यावी."

दर वाक्याला टाळी पडत होती. आबाला तर उचकी लागली. साहेबाला त्या गडबडीतच कोंबडं बांधून दिलं.

मोटारसायकलपर्यंत पोचवायला फिलोमेन एकटी गेली. साहेबानं खिशातला कागद काढून तिला परत दिला.

"बाई, हा कागद मी दोनदा वाचला. यात खोटं काही नाही. माझ्या वहीतही नाही."

ती शेंगांवरच्या चेष्टेची वाट बघत राहिली. शेंगा आल्या नाहीत, गुलामही आला नाही. साहेब नुसता तिच्याकडं बघत होता. तेव्हा तिला कळलं, ही चेष्टा नव्हती.

"मग ठिवता कशाला मला?"

"आधीच्या तिघांचे शेरे माझ्याच हातचे आहेत. उत्तम, उत्तम, अतिउत्तम. कुठं आहेत ते?"

तिनं कागदाची घडी घातली.

"वाईट शिकवणाऱ्याला मी सुधारू शकतो. गेलेल्याला काय सुधारू? तुम्ही जाऊन जाऊन जाणार कुठं? तुमचं घर इथं, नवरा इथं. तुम्हाला ठेवण्याचं कारण तेवढंच आहे, दुसरं शोधू नका. पुढच्या वर्षी येईन. तोवर भागाकार आला पाहिजे. आधी तुम्हाला, मग पोरांना."

"आन् न्हाईच आला तर?"

"तर हा कागद टपालानं पाठवा. टपालवाला ना बिस्सा ना गुरुन्सी, तो हसणार नाही. असला कागद आपल्यात हातानं देतात का? तुम्हाला कळायला पाहिजे होतं." त्यानं गाडीला लाथ मारली आणि गेला.

तिला राग आला, आणि रागाबरोबर सुटल्यासारखंही वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचा आणखी राग आला. घरी बासिल मोड आलेल्या ज्वारीपुढं डोकं धरून बसला होता. त्यानं ती दुसऱ्या दिवशी पल्याडच्या गावच्या दोलोवालीला घातली. तिची दोलो आंबट असते, तरी परत येताना पिऊन आला.

गावात मात्र वेगळंच वारं सुटलं. सांजच्याला प्रत्येक अंगणात एकच विषय. आबा सांगत होता, "आरं, गुरुन्सीनं येवड्या शिव्या घातल्या. आधीच्या तिघास्नी कदी घातल्या व्हत्या? उत्तम लिवून जायचा. आपली बाई त्येला झोंबली, झोंबली म्हणून त्यो बोलला. बाई लाखात एक हाय, मी पैल्यापासनं म्हंतोय." बायाही म्हणाल्या, पाठ वाईट म्हणाला म्हणजे केवढा चांगला झाला असेल.

सकाळी फिलोमेन शाळेत गेली तर दारात दाटी. आबा चारही नातवंडं दंडाला धरून घेऊन आला होता. शेंगा रानात तशाच राहिल्या होत्या. अडुसष्टच्या अडुसष्ट हजर, वर पटावर नसलेली पाच. बसायला जागा नव्हती. आबानं तिला वाकून रामराम केला, बावीस वर्षं दोलो पाजून कधी केला नव्हता असा.

साहेब खरं बोलला हे गावात तिला एकटीलाच माहीत होतं. ते कुणाला सांगावं?

एलिसानं हात वर केला. "बाई, काल साहेब चेष्टाच करत हुता न्हवं?"

फिलोमेननं तिच्याकडं बघितलं. मग सगळ्यांकडं बघितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "खरं बोलला त्यो. कालचा पाठ वाईटच हुता. मला नीट शिकवायला येत न्हाई. आज परत करून बघू."

वर्ग फुटला. पोरं पोट धरून एकमेकांच्या अंगावर पडली. दारातून आबा डोळे पुसत म्हणाला, बाईच्या जिभेला तोड न्हाई.

त्र्याहत्तर पोरं हसत होती आणि एलिसा सोडली तर त्यांतल्या एकालाही भागाकार येत नव्हता. फिलोमेन खडू हातात घेऊन हसू ओसरायची वाट बघत उभी राहिली.