पहिल्या बेसचा माणूस

फेब्रुवारी संपत आला तेव्हा व्हर्न कोवाचने फ्रीजच्या दारावरचे फोटो पुन्हा एकदा सगळे काढले आणि नव्याने लावायला घेतले. वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून कापलेले बेसबॉलपटूंचे फोटो, सगळे पहिल्या बेसवर, म्हणजे मैदानातल्या त्या एका ठरलेल्या जागी, खेळणारे. सर्वांत चांगला सगळ्यात वर, त्याच्या खाली दुसरा, मग तिसरा, असे पार खालपर्यंत. हे काम त्याचं नव्हतं. इर्माचं होतं.

दोघं मिळून एक संघ चालवायचे. कागदावरचा संघ. अमेरिकेतल्या ईरी शहरातली, त्यांचं धरून आठ ओळखीची घरं दर मार्चमध्ये ग्लेनच्या बोलिंगच्या हॉलमागे एका खोलीत जमायची आणि देशभरच्या खऱ्या खेळाडूंमधून पाळीपाळीने एकेक जण निवडून घ्यायची. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नसे. मग उन्हाळाभर ते खेळाडू जिथे कुठे खेळतील तिथे त्यांनी मारलेले होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर टोलवलेले चेंडू, इथे ज्याच्या त्याच्या नावावर जमा व्हायचे. या सगळ्याला ते लीग म्हणत आणि निवडीच्या दिवसाला ड्राफ्ट. कोणता खेळाडू आधी घ्यायचा, कोणता नंतर, हा क्रम आधीच घरी ठरवून जावं लागे. बाकी सगळ्या जागांचा क्रम व्हर्न लावायचा. पहिला बेस तेवढा इर्माचा. त्यात त्याने कधी तोंड घातलं नाही.

नोव्हेंबरात इर्मा गेली.

मासिकात तयार यादी असते. ती बघून कोणीही क्रम लावला असता. सगळ्या मासिकांत या वर्षी हॅम्प्टन पहिला होता, त्यात वादच नव्हता. पण व्हर्नला मासिकाचा क्रम नको होता. इर्माने लावला असता तो हवा होता. इतकी वर्षं ती टीव्हीचा आवाज बंद करून, मांडीवर बटाट्यांचं पातेलं घेऊन सामने बघायची आणि हा शेजारी बसलेला असायचा. तिच्या डोक्यात काय चालायचं, तेवढंही आपल्याला कळलं नसेल तर आपण तिच्या शेजारी नक्की काय केलं? हा प्रश्न त्याला रोज सकाळी दूध काढायला फ्रीज उघडताना पडायचा. दार लावताना एखादा फोटो खाली सरकायचा आणि तो पुन्हा विचार करत उभा राहायचा.

शेवटी त्याने डेल रडिगरला वर ठेवलं. रडिगर मागच्या वर्षी त्यांच्या संघात होता. सप्टेंबरमध्ये हॉस्पिटलच्या खोलीत रेडिओ चालू असताना रडिगरने होमरन मारला होता आणि दिवसभर पडून असलेल्या इर्माने डोळे उघडले होते. रडिगरने या हिवाळ्यात पस्तिशी ओलांडली होती, पण इर्माने त्याला सोडलं नसतं. व्हर्नने त्याचा फोटो दोन चुंबकं लावून घट्ट बसवला, आणि मग तो क्रम हलवला नाही.

ड्राफ्टच्या रविवारी तळ्यावरून बर्फाचा वारा येत होता. ग्लेनने पेपरोनी सॉसेज भरलेले पावाचे गोळे गरम करून ठेवले होते, टॅमीने उकडलेली अंडी आणली होती. टॅमी शाळेत नर्स होती, लीगमधली सगळ्यात नवी. तिने व्हर्नच्या हातातला कोट घेतला आणि स्वतः जाऊन टांगला.

"बसा व्हर्न. कॉफी देऊ?"

"मला हात आहेत गं."

"असू दे ना. देते."

मॉरी डोनेली कोपऱ्यात पाय पसरून बसला होता. एरवी व्हर्न आत आला की मॉरी म्हणायचा, "आला बघा, शेवटचा नंबर!" आज तो उठून उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. व्हर्नने हात मिळवला. मॉरीचा तळवा घामेजला होता.

टोपीतून चिठ्ठ्या काढून पाळ्या ठरल्या. व्हर्नची पाळी सगळ्यांत शेवटी आली. ग्लेनने फळ्यावर नावं लिहायला सुरुवात केली. गोलंदाजी करणारे गेले, शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणारे गेले, मागचं मैदान सांभाळणारे गेले. पहिली फेरी संपली. व्हर्नने स्वतः एक गोलंदाज घेतला, कारण तो आपल्यापर्यंत उरेल असं त्याला वाटलं नव्हतं. दुसरी फेरी संपली. तिसरीही अर्धी झाली तेव्हा त्याने फळ्याकडे नीट पाहिलं. पहिल्या बेसचा रकाना आठही घरांत रिकामा होता. ज्या हॅम्प्टनसाठी दर वर्षी पहिल्या फेरीत भांडण व्हायचं, त्याचं नाव अजून कोणी उच्चारलं नव्हतं.

"हॅम्प्टन जखमी आहे का?" व्हर्नने विचारलं.

"नाही," ग्लेन म्हणाला.

"मग त्याला कोणी घेत का नाही?"

ग्लेनने खडू उगाच दुसऱ्या हातात घेतला. कोणीतरी खुर्ची सरकवली.

"व्हर्न," टॅमी हळूच म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं. ती जागा आधी तुम्ही भरा. तुम्हाला हवा तो घ्या. मग आम्ही घेऊ."

व्हर्नने कप टेबलावर ठेवला. त्याच्या मानेवर लाली चढली.

"कोणाची अक्कल ही?"

"माझी," मॉरी म्हणाला.

"तुझी? तू दर वर्षी काय करायचास? तिच्या पाळीच्या आधी टपून बसायचास आणि तिच्या मनातला माणूस उचलायचास. दर वर्षी! घरी जाईपर्यंत गाडीत तुझ्या नावाने खडे फोडायची ती. भांडी घासताना पण तूच. आणि आज तू मला ताट वाढून देतोस?"

"अरे, आम्हाला वाटलं—"

"मला भीक नको, मॉरी. मी महिनाभर त्या फ्रीजसमोर उभा आहे. तिने लावला असता तसा क्रम लावलाय मी. तुम्ही कोणी हात आखडून बसलात तर मला कळणार कसं, बरोबर लावलाय की नाही ते? खेळायचं असेल तर खेळा. नाहीतर माझा कोट द्या."

पलीकडच्या हॉलमध्ये कोणीतरी एका चेंडूत सगळ्या पिना पाडल्या आणि टाळ्या वाजल्या.

"पाळी कोणाची आहे?" ग्लेनने विचारलं.

"माझी," मॉरी म्हणाला. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला. व्हर्नकडे बघितलं. "खेळू म्हणतोस?"

"खेळ."

"मग रडायचं नाही."

"खेळ रे, म्हाताऱ्या."

"बेनितो आर्से," मॉरी म्हणाला.

ग्लेन लिहिता लिहिता थांबला. टॅमीने मासिकाची पानं चाळली. आर्से मागच्या वर्षी अखेरच्या दोन महिन्यांत खेळलेला पोरगा. मासिकात तो कुठेतरी खाली होता. व्हर्नने तर त्याचा फोटोच कापला नव्हता.

"हॅम्प्टन समोर असताना आर्से?" व्हर्न म्हणाला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"हॅम्प्टन घेऊन मी काय करू? खेळ म्हणालास म्हणून इर्माचा माणूस उचलला, कोवळा, अजून कोणाच्या नजरेत न आलेला. नेहमीसारखा."

"तिचा माणूस आर्से नाही. रडिगर. मी त्याला सगळ्यात वर ठेवलंय."

मॉरी हसणार होता, पण हसला नाही. "रडिगर? इर्मा? व्हर्न, ती पस्तिशीच्या पुढच्या माणसाला दारात उभं करत नव्हती. क्विन आठवतो? तीन वर्षं तिच्यासाठी ढीगभर होमरन मारले त्याने. एक दिवस पायऱ्या उतरताना लंगडताना दिसला टीव्हीवर, तर पुढच्या मार्चमध्ये नाव घेतलं का तिने त्याचं? मी घेतलं त्याला, दयेपोटी, आणि शेवटून दुसरा आलो. मला म्हणाली, 'मॉरी, तू अनाथाश्रम काढ.'"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"रडिगरचं वेगळं होतं," व्हर्न म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये त्याने होमरन मारला तेव्हा तिने डोळे उघडले होते. मी होतो तिथे."

"काय म्हणाली?"

व्हर्नने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याला ती खोली आठवली. भिंतीवरचा फिकट हिरवा रंग, रेडिओतून येणारा लोकांचा आरडाओरडा, आणि उशीवरचं इर्माचं बारीक झालेलं तोंड. तिने डोळे उघडले होते. एवढंच त्याने सोबत ठेवलं होतं. त्यापुढचं त्याने कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि इतक्या महिन्यांत पुन्हा काढलं नव्हतं.

"वारा होता, म्हणाली," व्हर्न म्हणाला. "'वाऱ्याने नेला तो. नाहीतर झेल होता.'"

मॉरीने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते आणि ते हसण्याने की दुसऱ्या कशाने ते सांगता आलं नसतं. व्हर्नलाही हसू आलं, पण ते अर्ध्यातच थांबलं. मरायला टेकलेली बाई, आणि होमरनलाही बरं म्हणाली नाही. अशी होती ती. आणि त्याने चार महिन्यांत तिची एक मऊ, भली बाई करून टाकली होती, जुन्याला जपणारी, कोणाला न टाकणारी. ती बाई त्याला रात्री झोपायला बरी पडत होती. आज मॉरीने ती नेली. तिच्या जागी खरी इर्मा आली, आणि तीही नव्हतीच.

ड्राफ्ट पुढे गेला. टॅमीने, व्हर्नकडे न बघता, हॅम्प्टनला घेतलं. तिच्यानंतरच्याने क्विनला घेतलं, कारण क्विन अजून कुठेतरी लंगडत खेळत होता, आणि त्यावर सगळे मनापासून हसले. मग व्हर्नची पाळी आली.

त्याच्यासमोर दोन-तीन चांगली माणसं शिल्लक होती, तरुण, धडधाकट. इर्माच्या नजरेने बघितलं असतं तर त्यांतला कोण, हे आता त्याला सहज सांगता आलं असतं. ग्लेन खडू धरून थांबला होता.

"रडिगर," व्हर्न म्हणाला.

"अहो व्हर्न," टॅमी म्हणाली, "आत्ताच तर—"

"ऐकलं मी. तिने नसता घेतला. मी घेतोय." त्याने कॉफीचा कप दोन्ही हातांत धरला. "पहिला बेस आता मलाच भरायचाय. दर वर्षी."

ग्लेनने कोवाच लिहिलेल्या घरात रडिगरचं नाव लिहिलं. खडू करकरला. व्हर्न त्या नावाकडे बघत राहिला. गाडीत शेजारची जागा रिकामी असणार होती, आणि या मूर्खपणाबद्दल त्याला कोणी एक शब्द बोलणार नव्हतं.

"मॉरी," तो म्हणाला.

"काय?"

"तू बोल."

"काय बोलू?"

"ती बोलली असती ते. ती आता गप्प बसली असती का?"

मॉरीने खोलीत सगळ्यांकडे बघितलं. नोव्हेंबरपासून तो व्हर्नशी काचेच्या वस्तूशी वागावं तसा वागत आला होता. त्याने घसा खाकरला.

"व्हर्न कोवाच," त्याने सुरुवात केली, आधी हळू, "तुझ्यासारखा गाढव मी या जन्मात बघितला नाही. चांगली तरणी माणसं समोर असताना हा थकलेला घोडा गळ्यात बांधून घेतोस?" मग आवाज चढला. "जूनपर्यंत त्याची कंबर धरेल. जुलैत तू रेडिओ बंद करशील. ऑगस्टमध्ये मला फोन करून आर्सेबद्दल विचारशील, आणि मी देणार नाही, ऐकतोस का? नाही देणार!"

व्हर्न मान खाली घालून ऐकत होता. मॉरी श्वास घ्यायला थांबला, तसा तो म्हणाला, "थांबू नकोस. एवढ्यावर ती थांबायची नाही."