सांडव्यावरचा खेकडा

हे तुम्ही खरं मानणार नाही, ते मी आधीच सांगून टाकतो. कोळगावला जाऊन कचेरीतल्या साहेबांना सांगून पाहिलं, त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. पण आमच्या तळ्याच्या सांडव्यावर आता कोणी जाळं बांधत नाही, आणि त्याला कारण एक खेकडा आहे.

आमचं तळं म्हणजे दोन टेकड्यांच्या मधे घातलेला मातीचा बांध. पाणी जास्त झालं की ते बाजूच्या सांडव्यातून ओढ्याला जातं. बांधाखाली पहिलं घर आमचं. मी मंगळ्या, मुलगा जिवल्या, सून बुधी, नात प्रियंका आणि शेळ्या. जिवल्या बोईसरला कंपनीत जातो. दुसरं घर जानूचं, तो मासळी गटाचा पुढारी. दर उन्हाळ्यात सगळा पाडा बांधावर चढतो. उगवलेली झुडपं मुळासकट उपटायची, खेकड्यांच्या बिळांत चिकणमाती ठासायची, वरून धुमसाने चोपायचं. एवढं केलं की पावसाळा निभतो.

यंदा मात्र गटाने तळ्यात रोहूची पिल्लं सोडली. ती वाहून जाऊ नयेत म्हणून जानूने समुद्राकाठच्या दातिवऱ्याच्या पुंडलिक तांडेलाकडून जुनं जाळं आणलं आणि सांडव्याच्या तोंडाला आडवं बांधलं. नियमही केला. जाळ्याला जो हात लावेल, त्याच्या घराला तळ्याचं पाणी बंद.

पाणी बंद म्हणजे काय, ते ऐका. पाऊस सरला की त्या पाण्यावर बुधीची मिरची आणि वाल उभे राहतात. ते नसेल तर दिवाळीनंतर घराला कुलूप, आणि शेळ्या विकून सगळे वीटभट्टीवर.

श्रावणात पाऊस लागला तो हटेचना. जाळ्यात पाला, फांद्या, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या आणि सांडव्यावर भिंतच उभी राहिली. तळं फुगत गेलं. सगळे घरात दडून बसले होते, जो तो म्हणे की जानू बघेल. मग एका दुपारी पाहतात तो सांडवा मोकळा वाहतोय, रोहू ओढ्याने पार खाली गेलेत, आणि जाळं वरच्या सादड्याच्या झाडाच्या फांदीवर व्यवस्थित घडी करून ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी जानूच्या ओटीवर सभा बसली. बसली म्हणायचं, कोणाचंच बूड जमिनीला टेकत नव्हतं. कोणी उठून बांधाच्या पायथ्याला झिरपणारं पाणी बघून यायचं, स्वच्छ आहे म्हणायचं, की लगेच दुसरा उठायचा. ते पाणी गढूळ यायला लागलं म्हणजे आतून माती निघाली. बाया पोरांना मांडीवरून खाली ठेवीनात. पत्र्यावर पाऊस असा की शेजारच्याचं बोलणंही ओरडल्यासारखं.

जानूने जाळं मधोमध ठेवलं. मी त्याच्या घडीकडे पाहिलं. कडा आत, मग गुंडाळी, मग टोक खोचलेलं. आमच्या पाड्यात जाळं म्हणजे ढीग, घडी कोण घालतो? अशी घडी दातिवऱ्याच्या बाया घालतात. आणि त्यांच्या ओट्यावर मिरची देऊन सुकट घ्यायला आमच्यातून एकच माणूस जातं. मी बुधीकडे पाहिलं. ती दारात बसून बाहेर बांधाकडे बघत होती.

जानू विचारणार, तेवढ्यात मी उठलो. म्हटलं, मी पाहिलं कोणी सोडलं ते. खेकड्याने.

कसा होता तो, ते नीट सांगितलं. पाठ बैलगाडीच्या चाकाएवढी, नांगी माझ्या मांडीएवढी. माझं त्याच्याशी जुनं वैर, कारण दर उन्हाळ्यात त्याचं बीळ मीच बुजवतो. जिवल्याची पोरगी प्रियंका म्हणाली की आजोबा, मागच्या वर्षी तो टोपलीएवढाच होता. मी म्हटलं, वर्षभर खाऊनपिऊन वाढणार नाही का? थोडी हसली माणसं. मला बरं वाटलं. पुढे सांगितलं की तो सांडव्यावर आला, माझ्याकडे बघून थांबला आणि म्हणाला, "मंगळ्या, माझं बीळ बुजवलंस तं मी सोसलं. आता पान्याची वाट पन बुजवली? बांध गेला तं माझं घर जाईल, तुझं जाईल, आनि त्या जानूचं पन."

हसणं बंद झालं. पाणी बघायला गेलेला पाड्यातला मिथुन परत आला, स्वच्छ आहे म्हणाला.

जानूने जाळं उलगडलं. मांडीवर घेऊन एकेक घर बोटांनी चाचपत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे भोक नाही. शेवटी दोरी उचलून दाखवली.

"काका, खेकडा कातरतो," तो म्हणाला. "ह्या तं गाठी सोडल्यात. पुंडलिकने शिकवलेल्या गाठी, भिजल्या का आवळतात."

मी म्हटलं, त्याला आठ पाय आणि वर दोन नांग्या, तुला नुसते दोन हात, तुझी बरोबरी कशी होईल?

जानू हसला नाही. दोरी हातात तशीच धरून त्याने बांधाकडे पाहिलं, मग आपल्या घराच्या कुडाकडे.

"पानी कुठवर आलेलं तवा?"

याची तयारी मी केली नव्हती. तोंडाला आलं ते बोललो. "खेकड्याच्या डोळ्यापर्यंत."

बुधी दारातून उठली. पदर खोचला आणि सरळ जानूसमोर येऊन उभी राहिली.

"बांधाच्या माथ्यावर आलेलं, जानूभाऊ. त्यावरून सांडव्याला गेले तवा माझी पावलं बुडालेली. जाळं तुमचं, म्हणून कापलं नाय, गाठी सोडत बसले. माझं पानी बंद करायचं तं करा. पन परत बांधलंत तं परत सोडीन." मग माझ्याकडे वळली. "आनि खेकडा-बिकडा कोन नव्हता. बाबा, तुमी तवा घरात शेळीला टेकून घोरत होता."